खंदकाचा तळ

मनुष्याने दृष्टी सदैव आकाशाकडे ठेवावी, असे थोर लोक सांगून गेले आहेत. परंतु त्या दिवाळीत अनंतरावांच्या वाट्याला केवळ जमीन आली होती. नवरात्रात ते नातीला भेटण्यासाठी म्हणून कतारला आले, आणि आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. सुटलेला पडदा पुन्हा जागेवर चिकटावा यासाठी डोळ्यात वायूचा बुडबुडा भरण्यात आला, आणि त्या बुडबुड्याचा दाब नेमका पडद्यावर राहावा म्हणून मान खाली घालून राहण्याचा दंडक त्यांना घालून देण्यात आला. जेवताना मान खाली, बसताना मान खाली, निजताना पालथे.

"जन्मात कुणापुढं मान खाली घातली नाही," ते सुनेला, नमिताला म्हणाले, "ती आता तुमच्या फरशीपुढं घालतोय."

"घाला अण्णा, पण कुठं डाग दिसला तर मला सांगू नका," नमिता म्हणाली. "माझी ऑनलाइन मीटिंग आहे."

मान खाली घालण्याचे दुःख एक वेळ सोसवले असते. परंतु डॉक्टर सलमा यांनी दुसरे एक बंधन घातले होते, आणि ते मात्र काळजाला घरे पाडणारे होते. "चाचाजी, जब तक आँख में गैस है, हवाई जहाज़ बिलकुल नहीं. ऊपर जाकर गैस फैलेगी और आँख हमेशा के लिए जाएगी." इतके सांगून त्यांनी अनंतरावांच्या मनगटाला एक हिरवा पट्टा बांधला. या माणसाच्या डोळ्यात वायू आहे, हे पाहणाऱ्याला कळावे, असा त्या पट्ट्याचा हेतू होता.

गावाहून बातमी आली ती त्यानंतर. शेलगव्हाणचा खंदक बुजवण्याचे ठरले होते.

शेलगव्हाण हे मराठवाड्यातले एक जुने गाव असून गावाच्या मधोमध एक गढी आहे. ती बहामनी अमलात बांधली गेली, असे जाणते लोक सांगत. डोंगर नाही, कडा नाही, सपाट रानात शत्रूला अडवायचे कसे? म्हणून बांधणाऱ्याने चौफेर खोल खंदक खणला, खंदकातून निघालेल्या पांढऱ्या मातीचा तट उभारला आणि ओढ्याचे पाणी वळवून खंदकात सोडले. पुढे राजवटी आल्या आणि गेल्या. वेढा घालायला कित्येक पिढ्यांत कोणी फिरकले नाही, तरी खंदक आपले काम करीतच राहिला. उन्हाळ्यात आजूबाजूच्या गावांचे आड कोरडे ठणठणीत पडत, तेव्हाही खंदकाकाठच्या आडात पोहरा बुडत असे. पावसाळ्यात गल्लीबोळांचे सारे पाणी तो निमूटपणे पोटात घेई. कोणाची म्हैस कोणत्या काठाने उतरेल आणि कोणाची धुणी कोणत्या दगडावर पडतील, हे वाडवडिलांपासून ठरलेले होते. वाटादेखील खंदक पाहून वळल्या होत्या. वरात तिथे वळे आणि प्रेतयात्राही तिथेच वळे. परक्याने घर विचारले तर लोक एवढेच सांगत, "खंदकाच्या अलीकडं," किंवा "पलीकडं."

खरे बोलायचे तर अलीकडे खंदकाची रया गेली होती. जलपर्णी माजली होती, प्लास्टिकचा खच पडला होता, डासांनी लोक हैराण झाले होते. तिथे भराव घालून बाजाराचे ओटे बांधावेत, असे ग्रामपंचायतीने ठरवले, आणि गावातल्या बहुतेकांनी त्याला मान डोलावली.

अनंतरावांचे घर खंदकाच्या अगदी काठावर होते. त्या घराच्या मागच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरत. त्याच पायऱ्यांवरून, पुष्कळ वर्षांपूर्वी, त्यांचा थोरला मुलगा मयूर गणपतीसाठी कमळे काढायला पाण्यात उतरला होता. धाकटा गिरीश तेव्हा पाळण्यात होता. मयूर चौथीत होता आणि त्याला पोहता येत होते. परंतु खंदकाचा गाळ पोहणाऱ्याला जुमानत नाही. शेजारच्या अश्फाकच्या वडिलांनी बुड्यांवर बुड्या मारल्या. लांब बांबू घालून पाहिले, तो तळाला टेकेना. मुलगा काही सापडला नाही. अखेर गुरुजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी उरकला, तेव्हा मयूरची आई, शोभाबाई, त्या चितेकडे पाठ करून बसल्या होत्या.

त्या दिवसापासून शोभाबाई रोज सांजवेळी शेवटच्या कोरड्या पायरीवर दिवा ठेवीत आल्या होत्या. गिरीश शिकला, कतारला गेला, त्याने आईला परोपरीने बोलावले. पण त्या आल्या नाहीत. "तो एकटा कसा राहील?" एवढेच एकदा म्हणाल्या, आणि ते वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारले नाही. याही खेपेला अनंतराव एकटेच आले होते.

बातमी ऐकून अनंतराव खवळले असतील, असे वाचकाला वाटेल; पण तसे झाले नाही. ते फरशीकडे पाहतच म्हणाले, "बुजवू द्या. पण आधी उपसा म्हणावं."

ही कल्पना त्यांना कतारमध्येच सुचली होती. डोळा बिघडण्यापूर्वी गिरीशने त्यांना मोटारीतून लुसैलला नेऊन आपले काम दाखवले होते. त्या बाजूला जमीन थोडी खणली की खारे पाणी वर येते. म्हणून इमारतीचा पाया घालण्याआधी खड्ड्याभोवती पंप लावतात आणि ते अहोरात्र चालू ठेवतात. तो उपसा सांभाळणे हेच गिरीशचे काम. त्या प्रचंड खड्ड्याचा तळ, समुद्राच्या इतक्या जवळ असूनही, अंगणासारखा कोरडा होता. अनंतराव कठड्याला धरून पाहतच राहिले.

"पाणी काढल्याशिवाय आम्ही एक दगडसुद्धा टाकत नाही, अण्णा," गिरीश अभिमानाने म्हणाला होता. "तळ डोळ्यांनी बघायचा, मगच भराव."

तळ डोळ्यांनी बघायचा! हे शब्द अनंतरावांच्या मनात घर करून बसले होते. म्हणून बातमी येताच त्यांनी मुलाला समोर बसवले आणि आयुष्यात प्रथमच त्याच्याकडे काही मागितले.

"तू सरपंचबाईच्या नवऱ्याला फोन कर. तू या कामातला माणूस, तुझं ऐकतील. म्हणावं, आधी मोटारी लावून खंदक कोरडा करा. एकदा तळ बघू द्या. काही सापडलं तर... निदान तुझ्या आईच्या हातात काही तरी पडेल. आणि तोवर माझा बुडबुडा विरला तर मी जाईनच. त्या दिवशी ती एकटी नको."

अनंतरावांना मान खाली असल्यामुळे गिरीशचा चेहरा दिसत नव्हता. फक्त त्याच्या पायाचा अंगठा फरशीवर रेघा ओढताना दिसत होता.

"बरं अण्णा," तो म्हणाला. "सांगतो."

पुढचे दिवस अनंतरावांनी बऱ्या मनाने काढले. बुडबुडा हळूहळू लहान होऊ लागला, तशी त्यांच्या नजरेत एक विलक्षण गोष्ट घडू लागली. मान जराशी उचलली की डोळ्यापुढे एक आडवी रेघ दिसे, पाण्याच्या पातळीसारखी हलणारी. रेघेच्या वर जग स्वच्छ आणि खाली सारे गढूळ, लुकलुकणारे. ही रेघ दर काही दिवसांनी थोडी खाली उतरे. पाणी ओसरले की मी मोकळा, असा हिशेब त्यांनी मनाशी बांधला होता.

दिवाळी तोंडावर आली, तेव्हा नातीने, उर्वीने, किल्ल्याचा हट्ट धरला. अल रय्यानमधल्या त्यांच्या बंगल्यापुढे छोटेसे अंगण होते, आणि कंपाउंडमधल्या मराठी घरांतून दरवर्षी किल्ले होत. यंदा किल्ला कोण करणार, हा प्रश्नच उरला नव्हता. ज्याला दिवसभर जमिनीकडेच पाहायचे आहे, त्याच्याइतका योग्य कारागीर दुसरा कोण?

"आजोबा, व्हेअर इज द माउंटन?" उर्वीने विचारले.

"आपल्या किल्ल्याला डोंगर नसतो, बाळ. आपला भुईकोट."

"देन हाऊ डू दे स्टॉप द एनिमी?"

"पाण्यानं. भोवती खंदक. त्यात मगरी सोडत म्हणे."

"रिअल क्रोकोडाइल्स? कूल!"

नमिता दारातून डोकावली. "अण्णा, समोरच्यांनी पुरुषभर उंच डोंगर केलाय हो. आपले मावळे चढणार कशावर?"

"आपले मावळे चढत नाहीत," अनंतराव माती थापटत म्हणाले, "पोहतात."

खणलेली माती बाहेर टाकायची नाही, तिचाच तट करायचा, हे त्यांनी नातीला शिकवले. नर्सरीतून आणलेल्या मातीचे चार बुरूज झाले, दरवाजा झाला. परंतु खंदकात पाणी ओतले मात्र, आणि बघता बघता त्या वाळवंटी जमिनीने ते पिऊन टाकले. पुन्हा ओतले, पुन्हा नाहीसे झाले. शेवटी शुक्रवारी सुट्टी असल्यामुळे गिरीश बाह्या सारून उतरला. "अण्णा, बाजूला व्हा. हे माझं खातं." त्याने फ्रिजच्या खोक्यातले जाड प्लास्टिक आणून खंदकाच्या तळाशी नीट अंथरले, कडांवर माती दाबली, आणि मग पाणी ठरले. उर्वीने टाळ्या पिटल्या आणि त्यात एक पणती सोडली.

त्याच संध्याकाळी गावी व्हिडिओ कॉल लावण्यात आला. अनंतरावांना मान वर करता येत नसल्याने फोन जमिनीवर ठेवावा लागे, आणि आडात वाकून पाहावे तसे ते त्यावर वाकून बोलत. पलीकडे अश्फाक फोन धरून उभा असे.

"अहो, जरा मान वर करा की," शोभाबाई म्हणाल्या. "नुसतं टक्कलच दिसूलालंय."

"टक्कल तेच आहे, तुझ्या ओळखीचं. कशी आहेस?"

"मला काय धाड भरलीय? तुमचा डोळा कसा हाय?"

"भरतोय. हे बघ, उर्वीनं आपली गढी केलीय. ओळख बरं, आपलं घर कुठलं?"

शोभाबाईंनी फोनजवळ तोंड आणले. "पायऱ्या न्हाईत की," त्या म्हणाल्या.

अनंतरावांच्या ते ध्यानात आले नव्हते. ते घाईघाईने म्हणाले, "करतो. उद्या करतो."

"भाभी, तुमची नजर लई बारीक," पलीकडून अश्फाक हसला. "सून बघायला जाताना तुम्हालाच न्यायला पायजे."

शोभाबाई हसल्या नाहीत. "मोटार कधी येणार म्हणला गिरीश?"

"येईल. सांगितलंय त्यानं."

"मी कपाटातलं पांढरं धोतर काढून ठिवलंय," शोभाबाई म्हणाल्या. "धुतलेलं हाय. काही घावलंच तर... गुंडाळायला."

अनंतरावांनी मान हलवली. ती खालीच असल्याने हलवल्याचे कोणास दिसले नसावे. त्यांच्यामागे गिरीश उभा होता. तो घरात निघून गेला.

धनत्रयोदशीच्या सकाळी अश्फाकचा फोन आला. त्यात आवाज होता, चित्र नव्हते. मागे यंत्रांची घरघर चालू होती.

"अनंतराव, रातीच मशिना आल्या बरं का."

"मोटारी लावल्या?"

"कसल्या मोटारी? जेसीबी हाय. गढीचा तट पाडूलालेत अन् सरळ पाण्यात ढकलूलालेत."

"अरे, अडव त्यांना! गिरीशनं सांगितलंय उपसायला..."

अश्फाक बालपणापासूनचा मित्र होता. तोंडावर खोटे बोलणे त्याला जमत नसे.

"त्यानंच सांगितलं, भाऊ. मी विचारलं ना भांडून. सरपंचबाईचा नवरा म्हणला, तुमच्याच इंजिनियरनं फोन केला होता. उपसू नका म्हणला. एका कडंनं भराव लोटत न्या, गाळ आपोआप पुढं सरकतो, काम बी लवकर हुतं."

अनंतरावांनी विचारले, "शोभा कुठं आहे?"

"पायरीवर बसल्यात. उठाया तयार न्हाईत. मशिनवाल्यानं तेवढी बाजू शेवटाला ठिवलीय. हे गिरीशचं त्यांना न्हाई बोललो मी."

"बोलू नको," अनंतराव म्हणाले.

त्या दुपारी त्यांना इस्पितळात तपासणीला नेण्यासाठी गिरीश कामावरून आला. मोटारीत अनंतराव मांडीवर कपाळ टेकल्यासारखे वाकून बसले होते. रस्ता, इमारती, दिवाळीची सुट्टी नसलेले ते शहर, यांतले काहीच त्यांना दिसत नव्हते. दिसत होता तो आपल्याच हातावरचा हिरवा पट्टा.

"पाणी काढल्याशिवाय तुम्ही एक दगडसुद्धा टाकत नाही ना?" त्यांनी विचारले.

सिग्नल लागला, गाडी थांबली.

"अण्णा, तुम्ही कधी विचार केलात, काय निघालं असतं?" तो म्हणाला. "सगळं गाव काठावर जमलं असतं. मोबाइल काढून उभं राहिलं असतं. आणि आईसमोर त्या चिखलातून... तिनं ते बघावं असं वाटतं तुम्हाला?"

"तुझी आई रोज बघतेच आहे," अनंतराव म्हणाले. "फक्त वरून."

मागच्या गाडीने कर्कश भोंगा वाजवला. सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता.

"मला पाण्याजवळ जाऊ दिलं नाही तिनं कधी," थोडे पुढे गेल्यावर गिरीश म्हणाला. "शाळेतली सगळी पोरं खंदकात पोहायची आणि मी खिडकीच्या गजाला धरून उभा. मला अजून पोहता येत नाही, अण्णा. मला वाटलं, एकदाचं बुजलं की तिची सुटका होईल. तुमचीपण. मी वाईट नाही केलं."

अनंतरावांना राग आणायचा होता, पण तो येईना. मुलाच्या बोलण्यात खोट काढावी तर तीही सापडेना. "फोन लाव," ते एवढेच म्हणाले. "अजून पायरीची बाजू शिल्लक आहे."

गिरीशने गाडी कडेला घेतली आणि सरपंचबाईंच्या नवऱ्याला फोन लावला. आवाज गाडीभर घुमला.

"बोला साहेब! दिवाळीच्या शुभेच्छा!"

"ते काम थांबवा. जेवढं पाणी राहिलंय तेवढं आधी उपसून घ्या. पंपाचं मी बघतो."

"आता? साहेब, रातीपासनं मशिना चालूच हायत, तीन बाजू झाल्या की. सगळा गाळ सरकत सरकत तुमच्या घरामागं येऊन तुंबलाय. आता तिथं पाणी कमी अन् चिखलच लई. मोटार काय ओढणार? तुम्हीच म्हणला होता ना, गाळ पुढं सरकतो? अगदी तस्साच सरकला बघा. इंजिनियरचा सल्ला तो इंजिनियरचा सल्ला!"

"अहो, मी सांगतोय ना, थांबवा."

"मशिना लक्ष्मीपूजनाला परत जायच्यात, साहेब. अन् तुमच्या मातोश्रींना तेवढं समजावा. पोरं ताटकळलीत."

फोन बंद झाल्यावर गिरीशने स्टिअरिंगवर डोके टेकले. आता बापलेक दोघांच्याही माना खाली होत्या. मग त्याने आपल्या वरिष्ठांना फोन करून रजा मागितली. उपशाचे काम, बदली माणूस मिळाल्याशिवाय पंप सोडून जाता येत नाही. वरिष्ठ गोड शब्दांत म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बघू, इन्शाल्ला." या शब्दाचा इथे बहुधा 'नाही' असाच अर्थ होतो, हे गिरीश पुरते ओळखून होता.

इस्पितळात डॉक्टर सलमा यांनी डोळ्यात प्रकाश टाकून पाहिले आणि त्यांचा चेहरा खुलला. "माशाल्ला, चाचाजी! पर्दा बहुत अच्छा चिपका है. बस, बुलबुला अभी बाक़ी है."

"बेटी," अनंतराव आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "एक दिन के वास्ते जाऊँगा. जाके वापस आऊँगा."

"एक दिन में ही आँख चली जाएगी."

"दूसरी आँख है ना मेरे को."

डॉक्टरीण बाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. काय झाले आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. पण त्यांनी म्हाताऱ्याचा हिरव्या पट्ट्याचा हात आपल्या हातात घेतला. "यह पट्टा देखकर कोई आपको जहाज़ में बैठने नहीं देगा, चाचाजी. और मैं इसे काटूँगी नहीं."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, दिवेलागणीला, शोभाबाईंचा व्हिडिओ कॉल आला. अनंतराव अंगणात किल्ल्याशेजारी बसले होते. मातीच्या चिमुकल्या पायऱ्या त्यांनी आदल्या दिवशीच पूर्ण केल्या होत्या. फोन त्यांनी त्या पायऱ्यांपाशी ठेवला.

"उठले मी," शोभाबाई म्हणाल्या.

अनंतराव फोनवर आणखी वाकले.

"मशिनवाली पोरं म्हणजे लेकरंच की हो. त्यांच्यातल्या एकाच्या बायकोचा पहिला दिवाळसण हाय. मला म्हणला, आजी, तुम्ही बसा, आम्ही थांबतो. तीन दिवस थांबली बिचारी. किती ताटकळत ठिवू? मग उठले. पायऱ्या बी गेल्या मातीखाली. मागल्या दारात उभं राह्यलं की समोर नुसतं मैदान."

"काही दिसलं का?" अनंतरावांनी विचारले. विचारायचे नाही असे ठरवूनही त्यांच्या तोंडून ते निसटलेच.

"कशाचं काय दिसतंय? चिखल वर आला, अन् त्यावर तटाची पांढरी माती पडली. वरची माती खाली गेली. ज्याची त्याला मिळाली म्हणायची." मग त्यांनी विचारले, "गिरीश हाय का तिथं?"

गिरीश दाराच्या चौकटीत उभा होता. अनंतराव म्हणाले, "आहे इथंच कुठं तरी."

"त्याला म्हणावं, मोटार आली न्हाई म्हणून जिवाला लावून घेऊ नको. लांबून काय करणार लेकरू? सांगितलं त्यानं, तेवढं पुष्कळ झालं."

चौकटीतली सावली हलली नाही.

"अहो, एक इचारायचं हुतं," शोभाबाई म्हणाल्या. "दिवा तयार केलाय मी. आता तो कुठं ठिवू, तेवढं सांगा."

अनंतरावांनी आयुष्यात बायकोच्या पुष्कळ प्रश्नांना उत्तरे दिली होती, त्यांतली काही ठोकूनही दिली होती. या प्रश्नाला त्यांच्यापाशी खरे उत्तर नव्हते आणि खोटेही नव्हते. आजूबाजूच्या बंगल्यांतून मुलांचा कलकलाट ऐकू येत होता. पलीकडे शोभाबाई वाट पाहत होत्या. त्यांच्या हातातल्या पणतीचा उजेड फोनच्या काचेवर थरथरत होता.

"राहू द्या," अखेरीस त्याच म्हणाल्या. "बघते मी."

तुळशीचे लग्न पार पडले, आणि कंपाउंडच्या वॉचमनने घरोघरी फिरून अंगणे पूर्ववत करण्याविषयी सांगितले. मुलांना किल्ला बांधण्याइतकाच तो मोडण्याचाही आनंद असतो. उर्वी प्लास्टिकचे फावडे घेऊन आली आणि तिने एका बुरुजाला हात घातला.

"आजोबा, शॅल आय पुश द वॉल इन?"

"थांब!" अनंतराव इतक्या मोठ्याने म्हणाले, की मुलगी दचकली. मग ते आवाज उतरवून म्हणाले, "आधी पाणी काढू, बाळ. आतून एक वाटी आण."

ते गुडघ्यांवर बसले आणि वाटीवाटीने खंदक उपसू लागले. आता मान खाली घालण्याची सक्ती राहिली नव्हती; बुडबुडाही विरत जाऊन एका मण्याएवढा उरला होता आणि नजरेच्या तळाशी हलत होता. तरी ते खालीच पाहत होते. बाजूला ओतलेले पाणी जमीन ताबडतोब पिऊन टाकत होती.

फाटक वाजले. गिरीश कामावरून आला होता. त्याच्या बुटांना लुसैलचा ओला चिखल लागलेला होता. वडील काय करीत आहेत हे त्याने क्षणभर पाहिले, हातातली पिशवी खाली ठेवली, आणि शेजारी बसून ओंजळीने पाणी काढू लागला. वाटी एकच होती. थोड्या वेळाने अनंतरावांनी ती त्याच्या हातात दिली. उर्वी फावडे धरून दोघांकडे आळीपाळीने पाहत उभी राहिली.

पायऱ्यांच्या बाजूचे पाणी सर्वांत शेवटी संपले. गिरीशने प्लास्टिकच्या सुरकुत्यांत साचलेले थेंबदेखील रुमालाने टिपून घेतले. मग बापलेक दोघेही वाकून पाहू लागले. तळाशी थोडा गाळ होता, काही मेलेल्या मुंग्या होत्या, आणि उर्वीच्या पणतीतून सुटलेली एक काळी वात होती. गिरीशने बोटाने तो गाळ चाचपून पाहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काही नाही, अण्णा," तो म्हणाला.

"बघितलं ना पण," अनंतराव म्हणाले.

त्यांनी हात टेकून उठण्याचा प्रयत्न केला. गिरीशने त्यांना काखेत धरून उभे केले.

"हं, उर्वी," ते म्हणाले, "आता लोट माती."